सत्तावीस मुलं, एक फळा: नव्या शिक्षकासाठी पहिल्या सत्राची तयारी

तुमची पहिली नेमणूक बहुधा द्विशिक्षकी शाळेत होईल. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. मग चौथीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापक पहिली-दुसरी घेतात आणि तिसरी-चौथी एकत्र तुमच्या वाट्याला येते. समजा, हजेरीपटावर सत्तावीस नावं आहेत. त्यांतली एक मुलगी वर्तमानपत्राचा मथळा न अडखळता वाचते. तिच्या शेजारचा मुलगा 'कमळ'पाशी थांबतो. सात मुलं बंजारा तांड्यावरून येतात आणि घरी गोरमाटी बोलतात. चार जण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार आहेत. एकीला उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि हे अजून कोणाच्याच लक्षात आलेलं नाही.

डी.एड.ला आपण ज्या मुलांना समोर धरून पाठ टाचण काढतो, ती मुलं या वर्गात नसतात. मराठवाड्यात अशा वर्गांवर मी चौदा वर्षं काढली. सुरुवातीला प्रत्येक मुलासाठी वेगळं काहीतरी करायला गेलो आणि पहिलं सत्र संपायच्या आत दमून गेलो. पुढे जे जमलं ते असं की धडा सगळ्यांना एकच ठेवायचा आणि त्यात शिरायच्या वाटा दोन-तीन करायच्या. हे पहिल्या सत्रात कसं बसवायचं ते क्रमानं सांगतो.

पायरी १: पहिले दहा दिवस, रोज तीन मुलं

जूनमध्ये पुस्तकं वाटून झाली की लगेच पहिला धडा काढावासा वाटतो. तो मोह आवरा. रोज तीन मुलांना एकेक करून व्हरांड्यात बोलवा, प्रत्येकाला सात-आठ मिनिटं द्या. बाकीचा वर्ग तेवढा वेळ चित्र काढेल, गोष्टीची पुस्तकं चाळेल.

चार कार्डं तयार ठेवा. एकावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा परिच्छेद आणि चौथ्यावर छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. वाचता आला तर गोष्ट द्या, नाही आला तर शब्दांकडे, मग अक्षरांकडे या. ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासणारं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून अशाच पद्धतीनं चालतं, आणि शिक्षकालाही ती वापरायला कोणाची हरकत नाही. गणितासाठी दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार एवढं पुरे.

यानंतर तीन गोष्टी विचारा किंवा तपासा. घरी कोणती भाषा बोलतात? गेल्या वर्षी कोणत्या महिन्यांत शाळेत नव्हता? आणि फळ्यावरचं दिसतं का, बोललेलं ऐकू येतं का?

ही शेवटची तपासणी मी पहिल्या वर्षी केली नाही. एक मुलगा फळ्यावरचं कधीच उतरवून घेत नसे. मी त्याला निष्काळजी समजलो, दोनदा सगळ्यांसमोर बोललो. डिसेंबरमध्ये आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा कळलं की तिसऱ्या ओळीतून त्याला फळा नुसता काळा दिसत होता. मी त्याचे सहा महिने घालवले होते. चष्मा आल्यावर त्यानं आपणहून फळ्यावरची तारीख वाचून दाखवली. म्हणून आता पहिल्याच आठवड्यात मी हे करतो: फळ्यावर चार शब्द लिहायचे आणि मुलाला मागच्या भिंतीपाशी उभं करून, आळीपाळीनं एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. ऐकण्यासाठी मुलाच्या मागे तीन-चार पावलांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात 'माठ', 'पाटी', 'केळं' असे शब्द म्हणायचे आणि त्यानं ते परत म्हणायचे. यावरून निदान होत नाही. कोणाला डॉक्टरांना दाखवायचं एवढंच कळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते येईल तेव्हा तुमची यादी तयार हवी. पथकाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर पालकांना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. आणि तोवर त्या मुलाची जागा बदला, ते आजच्या आज करता येतं.

हे सगळं शंभर पानी वहीत उतरवा, एका मुलाला एक पान. जातीचा रकाना नको, गुणांचाही नको. "शब्द वाचतो, जोडाक्षरांशी थांबतो. गोरमाटी. नोव्हेंबर ते मार्च नव्हता. शेळ्या राखतो, हिशोब तोंडी पक्का." एवढं लिहिलेलं पान पुढे वर्षभर कामाला येतं.

पायरी २: घरची भाषा वर्गात येऊ द्या

गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला पावरी, यवतमाळ-परभणीच्या तांड्यांवर गोरमाटी. यांतली गोंडी द्राविडी कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी त्यांचं नातंच नाही. तिथे मुलाला मराठी समजत नाही हे शिक्षकाला पहिल्या दिवशी कळतं. गोरमाटीचं तसं नाही. ती मराठीच्या जवळची वाटते, मुलं बाजारात, खेळात मराठी बोलतात, आणि आपण फसतो. बोलता येणारं मूल पुस्तकातली मराठी समजतं असं आपण गृहीत धरतो.

फरक कुठे पडतो ते पाहायचं असेल तर शाब्दिक उदाहरणं घ्या. 'पैकी', 'प्रत्येकी', 'शिल्लक', 'च्या दुप्पट', 'पेक्षा कितीने कमी'. वजाबाकी येणारं मूल 'पैकी' या एका शब्दापाशी अडून बसतं आणि आपण वहीत 'गणित कच्चं' असं लिहून मोकळे होतो. असे वीस-पंचवीस शब्द काढून ते प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊन शिकवा. "या दहा चिंचोक्यांपैकी चार मला दे." आठवडाभर हा खेळ चालला की पुष्कळ गणित आपोआप सुटतं.

वर्गात एक शब्दभिंत करा. मूल घरी जो शब्द वापरतं तो आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहा: याडी – आई, बाटी – भाकरी. मुलांकडूनच शब्द घ्या आणि उच्चार चुकला तर त्यांना तुम्हाला सुधारू द्या. मराठी बोलीलाही हेच लागू आहे. मूल "म्या काल ग्येलो व्हतो" असं सांगत असेल तेव्हा मध्येच तोडून 'गेलो होतो' म्हणायला लावू नका. तिथून पुढे ते सांगणारच नाही. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या, नंतर लिहिताना दोन्ही रूपं फळ्यावर मांडा. मुलाच्या मातृभाषेत शक्य तितकं शिकवावं असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच आहे, त्यामुळे कोणी हरकत घेतली तर निर्धास्त राहा. तांड्यावरची मोठी मुलं, नववी-दहावीतली, शनिवारी तासभर येऊन गोष्ट गोरमाटीत सांगायला आनंदानं तयार होतात. विचारून तर पाहा.

पायरी ३: एक धडा, तीन वाटा

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण नव्या शिक्षकाची खरी ओढाताण इथेच होते. उदाहरण म्हणून हातच्याची वजाबाकी घेऊ.

आधी ठरवा की तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाला काय कळलं पाहिजे. इथे ते असं: सुटे कमी पडले तर एक दशक मोडून दहा सुटे करता येतात. ही गोष्ट सत्तावीसच्या सत्तावीस मुलांसाठी सारखी. एखाद्याला सोपं करून देण्याच्या नादात हा मुद्दाच काढून टाकू नका, नाहीतर ते मूल वर्षभर बिनहातच्याचीच गणितं सोडवत बसतं आणि आपण त्याला मदत केली असं समजत राहतो.

आता वाटा. पहिल्या वाटेवर काड्या: दहादहाचे गठ्ठे, त्यांना रबर. ५३ म्हणजे पाच गठ्ठे, तीन सुट्या. २७ द्यायच्या आहेत, सुट्या सात हव्यात, हातात तीनच. मुलाला रबर काढावंच लागतं. रबर निघतं तो क्षण म्हणजे हा धडा. दुसऱ्या वाटेवर खेळातल्या नोटा: पाच दहाच्या नोटा, तीन एकाची नाणी, दुकानातून २७ रुपयांचा माल. ज्या मुलांना काड्या बालिश वाटतात त्यांना दुकान चालतं. बाजाराला जाणारी मुलं तर इथे तुमच्या पुढे असतात. तिसऱ्या वाटेवर उभी मांडणी, आणि जोडीला "५३ – २७ वर गोष्ट तयार कर, उत्तर शेजाऱ्याकडून काढून घे." वाचता येणाऱ्या मुलांना नुसती आणखी दहा उदाहरणं देणं म्हणजे लवकर काम संपवल्याची शिक्षा आहे. त्यांना नवं काम द्या.

पंधरा मिनिटं सगळ्यांसमोर मिळून, वीस मिनिटं वाटांवर, शेवटची पाच मिनिटं पुन्हा एकत्र. या पाच मिनिटांत काड्यांच्या गटातल्या मुलानं फळ्यापाशी येऊन गठ्ठा सोडून दाखवायचा आणि उभ्या मांडणीवाल्यांनी तीच कृती अंकांत लिहायची. इथे तिन्ही वाटा एकमेकींना मिळतात. वेळ कमी पडला तर दुसरं काहीही गाळा, ही पाच मिनिटं गाळू नका.

मी ५३ – २७ का घेतलं तेही सांगतो. पूर्वी मी ५२ – २७ द्यायचो आणि कित्येक वह्यांत ३५ उत्तर यायचं. मी सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा समजावायचो, अर्ध्यांना ती लागू पडायची नाही. नंतर ध्यानात आलं की ३५ दोन रीतींनी येतं. काही मुलं 'मोठ्यातून लहान' म्हणून ७ मधून २ वजा करतात, ५; दशकात ५ मधून २, ३. काही मुलं हातचा बरोबर घेतात, १२ मधून ७ म्हणजे ५, पण दशक एकानं कमी करायला विसरतात, पुन्हा ३५. आकडा एकच आणि दुखणी दोन. ५३ – २७ मध्ये पहिल्या चुकीचं उत्तर ३४ येतं, दुसरीचं ३६, बरोबर उत्तर २६. आता वही पाहताच कळतं की कोणाला काड्यांकडे न्यायचं आणि कोणाला फक्त हातचा खोडून लिहायची सवय लावायची. उदाहरण निवडताना पाच मिनिटं जास्त घालवली तर तपासताना मुलं आपोआप वेगळी होतात.

आणखी एक अडचण संख्यानामांची. 'त्रेपन्न' ऐकून मूल ३५ लिहितं ते काही उगाच नाही; नावात तीन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येतं. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतं आणि वहीत ६१ उमटतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी नावं जोडीला आली तेव्हा राज्यभर वाद झाला. माझं मत विचाराल तर अडखळणाऱ्या मुलासाठी ही जोडनावं फार उपयोगी आहेत. 'पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' असं दोन्ही म्हणून घ्या. गावात, बाजारात त्रेपन्नच चालतं, ते सोडायचं नाही.

वाचनाच्या तासालाही हीच घडण. एकच गोष्ट तुम्ही हावभावांसह वाचून दाखवा, मग अक्षरांशी अडणारी मुलं तिच्यातलेच चार शब्द कार्डांवर जुळवतील, शब्द वाचणारी मुलं कापलेल्या वाक्यपट्ट्या क्रमानं लावतील, सरसर वाचणारी मुलं शेवट बदलून लिहितील. अक्षरं शिकवायची तर क-ख-ग-घ अशा ओळीनं नको. म, क, ल, ब, काना अशा पाच-सहा चिन्हांचा गट घेतला की पहिल्याच आठवड्यात 'काम', 'माल', 'बालक' वाचता येतात. दिसायला सारखी अक्षरं, म्हणजे भ-म, घ-ध, ब-व, ट-ठ-ढ, एकाच आठवड्यात आणू नका. चौथीतही जी मुलं अडतात ती बहुतेक 'र'च्या रूपांशी अडतात: सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या. एकेका रूपाला स्वतंत्र आठवडा द्या.

पायरी ४: गट करा, पण ते मोडत राहा

स्तरानुसार गट केल्याशिवाय बहुवर्गात तास चालत नाही. पण तेच गट जूनपासून मार्चपर्यंत राहिले तर मुलांना आपली जागा कळते. गटांना फुलांची नावं दिली तरी 'जाई'त हुशार आणि 'गुलाब'मध्ये ढ हे तिसऱ्या दिवशी पोरं सांगतात. माझी रीत अशी की स्तराचे गट दिवसातून एकच तास, वाचनाला किंवा गणिताला. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तीन मिनिटांची तपासणी आणि अदलाबदल. परिसर अभ्यास, चित्र, खेळ, शाळेची बाग यांना मिश्र गट. आणि दर आठवड्याला एक काम असं शोधायचं ज्यात वाचनात मागे असलेलं मूल पुढे असेल. शेळ्यांचे आजार, पिकांची नावं, ऊस कसा तोडतात, मोळी किती वजनाची, मुकादमाचा हिशोब. हे ज्याला ठाऊक आहे तो सांगेल आणि सरसर लिहिणारी मुलगी त्याचं बोलणं टिपून घेईल. दोघंही शिकतात.

पायरी ५: ज्यांना वेगळी मदत लागते

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक. तुमच्या वर्गात यातलं एखादं मूल असण्याची शक्यता मोठी आहे, मात्र कागदावर नाव बहुधा नसेल. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. जुलैतच त्यांना फोन करून शाळेवर बोलवा. प्रमाणपत्र, साहित्य, भत्ते यांची वाट त्यांना माहीत असते.

ते येईपर्यंत तुमच्या हातात बरंच आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला तिचा चांगला कान तुमच्याकडे होईल अशा बाजूला बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय मोडा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी खिडकीची तिरीप फळ्यावर पडत नाही ना ते पाहा, अक्षर मोठं काढा, लिहिताना मोठ्यानं म्हणा. तोंडी सगळं सांगणारं, पण लिहिताना काना-मात्रा सतत उलटसुलट करणारं मूल आळशी आहे असं ठरवू नका. त्याची उत्तरं तोंडी घ्या, उतारा छोटा द्या, वेळ वाढवा. एका जागी न बसणाऱ्या मुलाला खडू आणणं, वह्या वाटणं अशी हालचालीची कामं द्या. यांतली कोणतीही सोय बाकीच्या मुलांना दिली तर त्यांचंही नुकसान होत नाही. आणि कोणत्याही मुलाच्या अडचणीबद्दल वर्गात, पालकसभेत, सगळ्यांसमोर बोलू नका. आईला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगा.

पायरी ६: दिवाळीनंतर जाणारी मुलं

कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला, कोण जाणार हे तुम्हाला वहीमुळे जूनमध्येच ठाऊक आहे. दसऱ्यानंतर त्यांच्या घरी जा. आजी-आजोबांकडे राहायची सोय आहे का, हंगामी वसतिगृह मंजूर होऊ शकतं का, हे शाळा व्यवस्थापन समितीत आधी काढा. प्रस्ताव वेळेत गेला तरच उपयोग आहे. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती द्या आणि ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायचं हे आईला समजावून सांगा, कारण उचल (आगाऊ मजुरी), मुकादम, गाडी या धांदलीत कागद हरवतो. सोबत तीस-चाळीस पानांची एक वही द्या, रोज एक पान, सूचना चित्रांनी. गावाचं नाव आणि मुकादमाचा फोन टिपून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा मुलाशी बोला.

मार्च-एप्रिलमध्ये मूल परततं तेव्हा 'किती मागे पडलास' हे पहिलं वाक्य नको. त्याची जागा, त्याची पाटी, भिंतीवरचं नाव तसंच ठेवा. दोन दिवस त्याच्याकडून फडावरच्या गोष्टी ऐका, मग चार कार्डं काढा आणि जिथे सापडेल तिथून पुढे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. साधनं आपल्यापेक्षा किती कमी होती!

पायरी ७: नोंदी आणि तपासणी

२०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांना गुण देण्याची मुभा आहे. ती वापरा. केंद्रप्रमुख आले आणि वर्गात तीन गट तीन कामं करताना दिसले तर गोंधळ वाटू शकतो. अशा वेळी वही पुढे करा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचा आग्रह तिसरीअखेर वाचन आणि गणन पक्कं व्हावं हाच आहे, आणि कोण कुठे आहे, कोण पुढे सरकलं, हे तुमच्या वहीत तारखेसह लिहिलेलं असतं. वर्णनात्मक नोंदीत "प्रगती समाधानकारक" असं सत्तावीस वेळा लिहू नका. "ऑगस्टमध्ये शब्दांशी थांबत होती, ऑक्टोबरमध्ये परिच्छेद वाचते, 'र'चा रफार अजून चुकतो" असं लिहा. लिहायला तेवढाच वेळ लागतो.

बदली कधीतरी होणारच. जाताना ती वही सोबत नेऊ नका. आकडेवारी राज्याच्या सरल पोर्टलवर सापडेल, पण मुलगी कोणत्या कानानं ऐकते, कोणाला गठ्ठ्याचं रबर काढल्यावर वजाबाकी समजली, कोणाशी आधी गोरमाटीत दोन शब्द बोलावे लागतात, हे पोर्टलवर नसतं. प्रत्येक पानाच्या शेवटी दोन ओळी लिहून वही कपाटात ठेवा आणि नव्या शिक्षकाला फोन करून ती कुठे आहे ते सांगा.